चंद्र कधी उगवतो, एवढंच विचारलंय

रविवारी घड्याळं तासभर पुढे गेली. फोनमधलं आपलं आपण गेलं, गाडीतलं मी सिग्नलला उभी असताना पुढे केलं, आणि मायक्रोवेव्हवरचं एप्रिलमध्ये मागे आणायचं राहूनच गेलं होतं, त्यामुळे ते आता कुणी हात न लावता बरोबर झालंय. सिडनीत ऑक्टोबर लागला की सरकार सांगतं आणि आम्ही सगळे निमूटपणे तासभर आधी उठतो. मॅगपाय पक्षी मात्र ऐकत नाहीत. त्यांची घरटी असतात, पिल्लं असतात, आणि टूनगॅबी स्टेशनकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या टाळक्यावर झडप घालायची त्यांची वेळ त्यांनी स्वतःच ठरवलेली असते. मी छत्री उघडून जाते. पाऊस नसताना छत्री उघडून चालणारी बाई दिसली की समजावं, इथे वसंत आलाय.

चंद्रही ऐकत नाही. तो त्याच्या वेळीच उगवतो. त्या वेळेला किती वाजले म्हणायचं, हे आपलं आपण बघावं.

आणि म्हणून घड्याळं पुढे गेली की सोमवारपासून माझा फोन वाजायला लागतो.

मी इथल्या एका युनिव्हर्सिटीच्या खगोलशास्त्र विभागात काम करते. शास्त्रज्ञ म्हणून नाही. विभागाच्या दाराशी माझं टेबल आहे, त्यावर एक फोन आहे, आणि बाहेरच्या जगाला आकाशाबद्दल जे काही विचारायचं असतं ते आधी माझ्याकडे येतं. आमच्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांना वाटतं की मी दुर्बिणीला डोळा लावून बसते, आणि उरलेल्यांना वाटतं की मी पत्रिका बघते. दोघांचाही गैरसमज दूर करायचा नाद मी केव्हाच सोडून दिलाय.

वसंत हा प्रश्नांचा हंगाम. बारावीच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात, युनिचे अर्ज भरायचे असतात, आकाश स्वच्छ असतं, संध्याकाळी लोक परसात बार्बेक्यू लावून वर बघायला लागतात. पश्चिमेला ते एवढं लखलखतंय ते काय? शुक्र. विमान असतं तर एव्हाना उतरलं असतं. आमच्या लॉनमध्ये काळा दगड सापडलाय, उल्का असेल का? शक्यतो नसते, रेल्वेच्या रुळांकडून आलेली जळकी खडी असते. पण एक आजोबा तो दगड आइस्क्रीमच्या डब्यात कापूस घालून घेऊन आले होते, दोन ट्रेन बदलून. अशा माणसाला मी दगड हातात घेतल्याशिवाय ‘नाही’ म्हणत नाही. आधी वजन बघते, उजेडात धरते, मग सांगते. माझ्या नावाने तारा विकत मिळतो का? नाही, कुणी विकत असेल तर तो त्याचा नाही. मी आइन्स्टाइनची चूक शोधली आहे, कुणाला दाखवू? मला पाठवा, मी वाचते. आणि मी खरंच वाचते, निदान पहिली दोन पानं.

मग अर्ज करणाऱ्यांचे प्रश्न. गणित किती लागतं? भरपूर, आणि त्यातून सुटका नाही. रात्र रात्र जागावं लागतं का? आता बरंच काम कॉम्प्युटरवर दिवसा चालतं. मला रंग नीट ओळखता येत नाहीत, चालेल का? चालेल. मी ट्रक चालवतो, पोरं मोठी झाली, आता उशीर झालाय का? नाही, पण आधी गणिताचा पाया भरून काढणारा ब्रिजिंग कोर्स करा. आईबाप फोन करतात ते वेगळंच. ते नमस्कार-चमत्कार न करता थेट विचारतात, पुढे नोकरीचं काय?

चहाच्या खोलीत या प्रश्नांवर हशा पिकतो. कुणीतरी ईमेल मोठ्याने वाचतं, बाकीचे मान मागे टाकून हसतात. मी हसत नाही. पहिल्यांदा त्यांना वाटलं मला विनोद कळला नाही. नंतर त्यांना कळलं की माझं नाक लाल झालेलं असतं आणि मी कप जरा जोरात ठेवते.

याला कारण आहे. साताऱ्याला आमच्या कॉलेजच्या गच्चीवर एक जुनी दुर्बीण होती. वर्षातून एकदा फिजिक्सचे सर सगळ्यांना शनी दाखवायचे. सगळ्यांना म्हणजे मुलांना. आम्हा मुलींना सांगितलं जायचं, “तुम्ही घरी जा, अंधार पडतो. उद्या मुलांना विचारून घ्या काय दिसलं ते.” मी उभी राहून विचारलं, “सर, आम्हाला दिवसा तारे दाखवणार का?” वर्ग हसला, सर लाल झाले, आणि मला आठवडाभर प्रयोगशाळेच्या बाहेर ठेवलं. शनी मी पाहिला तो थेट सिडनीत, वयाच्या चाळिशीत, आमच्या विभागाच्या खुल्या दिवशी, एका विद्यार्थ्याने “हॅव अ लुक, नो वरीज” म्हणून बाजूला सरकून जागा दिली तेव्हा. कडं अगदी पुस्तकातल्यासारखं दिसलं. मला रडू आलं नाही, संताप आला. एवढंसं तर दाखवायचं होतं.

तेव्हापासून मी ठरवून टाकलंय. कुणी आकाशाबद्दल काहीही विचारलं तर उत्तर द्यायचं. तुला कशाला हवंय, हे विचारायचं नाही.

*

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका वसंतात विभागाने ठरवलं की माझा फोन बंद करायचा.

आमचे विभागप्रमुख होते ग्लेन. उंच, ढगळ स्वेटर घालणारे, दूरच्या दीर्घिकांवर काम करणारे, मनाने चांगले. त्यांना दूरचं फार छान दिसायचं. एका दुपारी ते माझ्या टेबलाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “व्रिंडा, मेट, आजकाल फोन कोण करतं? आपण एक वेब पेज करू. नेहमी विचारले जाणारे प्रश्न. तूच लिही, तुझ्याइतकं ते कुणाला माहीत नाही. हंगाम संपला की लाइन बंद.”

माझं नाव वृंदा. ‘व्रिंडा’ची मला सवय झाली आहे. ‘लाइन बंद’ची होणार नव्हती.

पण मी लिहायला बसले. प्रश्न लिहिताना एक गोष्ट लक्षात आली, ती आजवर कधी डोक्यातच आली नव्हती. शुक्राचा प्रश्न नेहमीचा, उल्केचा नेहमीचा, गणिताचा नेहमीचा. पण त्या फोनवर सगळ्यात जास्त वेळा, दर महिन्याला न चुकता, वर्षानुवर्षं जो प्रश्न येत होता तो या कशातच बसत नव्हता.

“वृंदाताई, आज चंद्र कधी?”

याची सुरुवात कशी झाली ते सांगते. मंडळात कुणाला तरी कळलं की मी ‘ग्रहताऱ्यांच्या ऑफिसात’ आहे. पुढच्या संकष्टीला शेजारच्या गिरावीन उपनगरातून एक फोन आला, त्याच्या पुढच्या संकष्टीला चार. संकष्टीचा उपास चंद्र उगवला की सुटतो. ओवाळायचं, नैवेद्य दाखवायचा, मग जेवायचं. म्हणजे चंद्राची वेळ कळली नाही तर कुकर कधी लावायचा तेही कळत नाही. करवा चौथला मराठीच्या जोडीला हिंदी यायचं, “भाभीजी, चाँद कब निकलेगा? मुन्ने के पापा पूछ रहे हैं, उनसे ज़्यादा देर भूख नहीं देखी जाती.” मी कॉम्प्युटरवर वेळ बघायची आणि सांगायची. तिथी कोणती धरायची ते गुरुजींना विचारा, चंद्र कधी ते मला विचारा, एवढी हद्द मी आखून घेतली होती आणि ती कधी ओलांडली नाही.

एक गृहस्थ तावातावाने म्हणाले होते, “अहो, तुम्ही सांगता त्या वेळेला आमच्याकडे चंद्र उगवतच नाही.” त्यांची बाल्कनी दक्षिणेला होती. तिकडे पुण्यात दक्षिणेच्या खिडकीत चंद्र यायचा, तसा इथेही येईल असं धरून ते महिनोन् महिने रिकाम्या आकाशाकडे बघत उभे होते. इथे चंद्र उत्तरेकडून जातो. त्यांना दाराबाहेर जाऊन उलट्या बाजूला बघायला सांगितलं तर फोन चालू ठेवूनच गेले, आणि थोड्या वेळाने लांबून त्यांचा आवाज आला, “आईशप्पथ!” मग परत येऊन दबक्या आवाजात विचारलं, “ससा उलटा का दिसतोय हो?” ससा नाही, आपण उलटे उभे आहोत, हे मी त्यांना समजावलं.

तर हा प्रश्न मी पेजवर घातला. पहिलाच घातला. ‘आज सिडनीत चंद्र कधी उगवतो, आणि माझ्या देशाच्या कॅलेंडरवरची वेळ इथे का चालत नाही?’ खाली सोपं उत्तर आणि रोजच्या वेळांची लिंक.

ग्लेननी मसुदा परत पाठवला तेव्हा बाकी सगळं जसंच्या तसं होतं. पहिला प्रश्न खोडलेला होता.

“हे सुंदर आहे,” ते म्हणाले, “पण हा पूजेचा प्रश्न आहे, व्रिंडा. आपण सायन्स डिपार्टमेंट आहोत. आज हे घातलं तर उद्या भविष्य विचारतील.”

“गेली कित्येक वर्षं मी हे सांगतेय. कुणी भविष्य विचारलेलं नाही,” मी म्हटलं. हे अगदी खरं नव्हतं, पण विचारलेल्यांना मी ‘नाही’ सांगितलं होतं.

“आणि हे हल्ली फोनमध्ये सगळ्यांना दिसतं. त्यांना गूगल करू दे ना.”

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. ते बोलत होते ते तसं बरोबरच होतं. मी परत टेबलाशी आले आणि दुपारभर पेन्सिलींना टोकं काढत बसले.

*

ते उत्तर मला मिळालं पुढच्याच संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी. फोनवर एक मुलगी होती. आवाज तरुण, इंग्रजी इथलं.

“हाय, इज धिस द मून नंबर?”

मी हो म्हटलं. कुणी त्याला असं नाव दिलं नव्हतं, पण मला ते आवडलं.

तिचं नाव रेवा. राहायची टूनगॅबीतच, माझ्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. बारावीला होती. तिची आजी पुण्याहून सहा महिन्यांसाठी राहायला आली होती. आजीला डायबेटिस, आणि संकष्टी लग्नापासूनची. आदल्या रात्री ढग होते, चंद्र दिसण्याची आशा नव्हती, म्हणून रेवाच्या बाबांनी वेळ काढून दिली. त्यांच्या फोनमध्ये कॅलेंडरचं अ‍ॅप होतं, त्यात शहर पुणे. पुण्याची वेळ साडेआठच्या आसपास, अधिक साडेपाच तास, म्हणजे सिडनीत पहाटे दोन.

हे ऐकून मला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं, कारण ही चूक आमच्याशिवाय जगात कुणीही करणार नाही. आम्ही सगळं आयुष्य ‘अधिक साडेपाच’वर चालवतो. मॅच कधी, अधिक साडेपाच. भाच्याचं लग्न लाइव्ह कधी, अधिक साडेपाच. बहिणीला फोन कधी करू, उणे साडेपाच. हाताला इतकी सवय झालेली असते की चंद्रसुद्धा पुण्याहून होणारं थेट प्रक्षेपण वाटायला लागतो. त्या बापाने साडेपाच तास मिळवले आणि आईला म्हणाला, “आई, दोनपर्यंत थांबावं लागेल.” त्या थांबल्या. इथला चंद्र तर अकराच्या सुमारासच येऊन ढगाआड बसला होता.

स्वयंपाकघरात मोदकांच्या ताटासमोर त्यांची शुगर इतकी उतरली की त्या खुर्चीवरून खाली घसरल्या. अँब्युलन्स आली. आता बऱ्या होत्या, घरी आणलं होतं, कपाळाला टाके होते.

“डॅड इज ॲन इंजिनिअर,” रेवा म्हणाली. “बँकेची सगळी सिस्टिम तो बघतो. ही फील्स टेरिबल. तर मला फक्त नेक्स्ट मंथचा मूनराइज हवाय. बिकॉज शी वोन्ट स्टॉप.”

पलीकडून कुणीतरी फोन ओढून घेतला. “कोण बोलतंय? मराठी आहे ना तू?”

“हो काकू.”

“मग ऐक. हे सगळे मला उपास बंद कर म्हणतायत. डॉक्टर म्हणाले मधे दूध, फळं घ्या, गोळी चुकवू नका. तेवढं मी ऐकीन. पण ताटावर बसणार ती चंद्र उगवल्यावर. तू मला इथली वेळ सांग, पुण्याची नको.”

मी सांगितली. आणखी हेही सांगितलं की या दिवसांत इथे पौर्णिमेनंतर चंद्र रोज तासाहून जास्त उशीर करतो, आणि तिकडे पुण्यात त्याच दिवसांत पाऊण तासानेच. म्हणजे तिकडे लवकर, इकडे उशिरा. काकू म्हणाल्या, “म्हणजे तोही इथे आल्यावर बिघडलाच म्हणायचा.”

फोन पुन्हा रेवाकडे गेला. मला वाटलं ठेवेल. पण ती घोटाळली.

“कॅन आय आस्क समथिंग एल्स? तुम्ही अ‍ॅप्लिकेशन्सचं पण बघता ना?”

“बघते.”

“अ‍ॅस्ट्रॉनॉमीला अप्लाय करायला पेरेंट्सची सही लागते का?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. गणित किती, मार्क किती, सगळं विचारून झालं होतं, सही कुणी विचारली नव्हती. ती आवाज खाली करून बोलत होती. बाबांनी तिच्या पसंतीक्रमात पहिलं मेडिसिन घातलं होतं, दुसरं डेंटिस्ट्री, तिसरं फार्मसी. तिला फिजिक्समध्ये वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते आणि ते घरात कुणाला कशासाठी वापरायचे ते माहीत नव्हतं.

“सही लागत नाही,” मी म्हटलं. “पण सही लागत नाही म्हणून घरात सांगायचंच नाही असं होत नाही, बाळा.”

“आय नो,” ती म्हणाली. “दॅट्स द प्रॉब्लेम.”

*

विभागाची मीटिंग त्याच आठवड्यात होती. मी मीटिंगमध्ये चहा-बिस्किटं बघते आणि टिपणं घेते, बोलत नाही. त्या दिवशी पेज मंजूर व्हायचं होतं. पडद्यावर यादी लागली होती. मी ती पुन्हा नीट वाचली, आणि खाली एका ओळीवर माझी नजर अडकली.

कोळंबी.

उन्हाळा जवळ आला की किनाऱ्यावरच्या सरोवरांवर लोक जाळी आणि दिवे घेऊन कोळंबी पकडायला जातात, आणि त्याला अंधारी रात्र लागते. त्यामुळे दरवर्षी कुणी ना कुणी म्हातारे काका फोन करून विचारतात, “लव्ह, अमावास्या कधी आहे?” मी सांगते. तो प्रश्न मीच पेजवर घातला होता. तो कुणी खोडला नव्हता. उलट त्याच्या पुढे ग्लेननी हसरा चेहरा काढला होता.

मी वही मिटली.

“ग्लेन, मला एक विचारायचंय. कोळंबीसाठी चंद्र विचारला तर ते सायन्स आहे, आणि जेवणासाठी विचारला तर पूजा?”

बिस्किटाचा पुडा कुणीतरी हळूच खाली ठेवला.

“तसं नाही, व्रिंडा. कोळंबी ही, म्हणजे, इट्स अ हॉबी.”

“आणि माझ्या भागातल्या एका बाईंच्या कपाळाला टाके पडलेत, इट्स नॉट अ हॉबी. त्यांच्या मुलाच्या फोनमध्ये सगळं होतं. गूगल होतं, अ‍ॅप होतं. इथली वेळ वेगळी असते आणि ती का वेगळी असते, हे सांगणारं कुणी नव्हतं. ते सांगणं हे या विभागाचं काम नसेल तर कुणाचं आहे?”

“आपण धर्माच्या गोष्टीत...”

“मी धर्म सांगत नाही. चंद्र कधी उगवतो, एवढंच विचारलंय. तो उगवल्यावर कुणी जाळं टाकेल, कुणी फोटो काढेल, कुणी मोदक खाईल. ते त्यांचं त्यांनी बघावं. आणि ईस्टर कधी येतो ते कोण ठरवतं, ग्लेन? चार दिवस ऑफिस बंद ठेवतो आपण. त्यालाही चंद्रच बघावा लागतो. तेव्हा कुणी म्हणत नाही की आपण सायन्स डिपार्टमेंट आहोत, कामावर या.”

माझं नाक एव्हाना टोमॅटोसारखं झालं असणार. या देशात येऊन मी पुष्कळ वेळा गप्प बसले आहे. नावाचा उच्चार चुकला तेव्हा, डब्यातल्या फोडणीच्या वासावर कुणी खिडकी उघडली तेव्हा, ‘युअर पीपल’ ऐकलं तेव्हा. ते गप्प बसणं मी निभावून नेलं. पण हा प्रश्न कमी दर्जाचा आहे असं कुणी म्हणालं तर गप्प बसणं मला जमलं नसतं. मला पुन्हा गच्चीखाली उभं करून ‘उद्या विचारून घ्या’ सांगितल्यासारखं झालं असतं.

ग्लेननी पडद्यावरची कोळंबीची ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, “फेअर पॉइंट. प्रश्न राहू दे.”

“आणि फोन?”

“फोनचं मी वर सांगून बसलोय, मेट.”

“मग वर परत सांगा. पेज वाचून जिची शंका फिटत नाही तिने काय करायचं? त्या पेजला ‘सही लागते का’ कुणी हळू आवाजात विचारू शकत नाही.”

त्या वाक्याचा अर्थ तिथे कुणालाच कळला नाही. मीटिंग संपली. फोनचा निर्णय ‘नंतर बघू’वर गेला. मी टेबलाशी येऊन पेजच्या तळाशी माझा नंबर टाकला आणि लिहिलं, ‘इथे उत्तर मिळालं नाही तर फोन करा.’ कुणाला विचारलं नाही. तो आजही तिथे आहे.

*

मिलिंदचा फोन त्यानंतर आला. मिलिंद म्हणजे रेवाचे बाबा. रेवाने घरात सांगून टाकलं होतं. आधी आईसाठी आभार मानले, मग आवाज बदलला.

“वृंदाताई, एक स्पष्ट विचारू? तुम्ही माझ्या मुलीला भरीस घालताय का?”

“तिने सहीचं विचारलं, मी सांगितलं. बाकी भरीस काही घातलं नाही.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं! अहो, मी इथे स्टुडंट म्हणून आलो, वेअरहाऊसच्या शिफ्टला उभा राहिलो, मग हे सगळं झालं. हे सगळं तिने आकाशाकडे बघत बसावं म्हणून? पुढे नोकरीचं काय?”

आला तो प्रश्न. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, खगोलशास्त्रज्ञाच्या नोकऱ्या थोड्या असतात, शिकणारे बरेच जण नंतर डेटाच्या कामात जातात, काही शिकवतात, काही अगदी वेगळंच करतात. बेकार बसलेलं मी कुणी पाहिलं नाही, पण डॉक्टरसारखं हमखास काही नाही. आमच्या पेजवरही असंच लिहिलंय.

“मग तुम्हीच सांगा, मी कसं हो म्हणू?”

“मिलिंद, राग येऊ देऊ नकोस. त्या रात्री अ‍ॅप तुझं होतं, इंजिनिअरिंग तुझं होतं, साडेपाच तास तूच मिळवलेस. घरात चंद्राचं कळणारं एक माणूस असू दे की.”

मागून काकूंचा आवाज आला, खणखणीत. “बरोबर बोलतेय ती! आणि तू मला पुन्हा वेळ सांगू नकोस!” मिलिंदला हसू फुटलं की हुंदका, ते मला फोनवरून कळलं नाही. “बघू,” एवढंच तो म्हणाला. मराठी बापाचं ‘बघू’ म्हणजे काय, ते मला माहीत आहे. दार लोटलेलं आहे, कडी लावलेली नाही.

*

हे सगळं मला दर ऑक्टोबरला आठवतं. छत्री उघडून स्टेशनकडे निघाले, वर मॅगपाय ओरडला, कुणाच्या तरी परसातल्या लिंबाला फुलं आलेली असली की तो वसंत जसाच्या तसा परत येतो. ग्लेन रिटायर झाले, आता किनाऱ्यावरच्या एका गावात राहतात आणि मधून मधून फोन करून अमावास्या विचारतात. मी सांगते. कशाला हवीय ते विचारत नाही, पण मागून जाळ्याचा खडखडाट ऐकू येतो. काकू पुण्याला परत गेल्या. रेवाच्या पसंतीक्रमात पहिलं काय राहिलं ते सांगायला नकोच, कारण या वर्षी ती आमच्याकडे तिसऱ्या वर्षाला आहे आणि हंगामात आठवड्यातून दोन दुपारी माझ्या शेजारी बसून प्रश्नांना उत्तरं देते. काल एका मुलाने तिला विचारलं की गणित खरंच एवढं लागतं का. ती म्हणाली, “लागतं. आय क्राइड. यू’ल बी फाइन.” असं उत्तर मला कधी सुचलं नसतं.

आज दुपारी नव्या विभागप्रमुखांचा ईमेल आला. नव्या आहेत, तरुण आहेत, कामाला वाघ आहेत. त्यांनी पेज बघितलं. पहिला प्रश्न त्यांना ‘फारसा संबंधित’ वाटला नाही. आणि तळाशी दिलेला नंबर हल्ली कुणी वापरत नसणार, तेव्हा महिनाअखेरीला तो बंद करायला माझी काही हरकत नाही ना, असं त्यांनी फार सभ्यपणे विचारलं होतं.

मी ते वाचत होते तेवढ्यात फोन वाजला. रेवाने उचलला. “अ‍ॅस्ट्रॉनॉमी, रेवा स्पीकिंग.” मग तिचा चेहरा बदलला आणि ती मराठीत आली. “आजी! इकडे का फोन केलास? माझ्या मोबाइलवर कर ना.”

काकूंचा आवाज फोनमधून बाहेर येतो, त्याला स्पीकर लागत नाही. “हा ऑफिसचा नंबर आहे ना चंद्राचा? आज संकष्टी आहे. पुण्यात चंद्र कधी उगवतो?”

“आजी, तुझ्या समोरच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यात लिहिलेलं असेल.”

“असेल लिहिलेलं. मी तुला विचारतेय.”

रेवाने माझ्याकडे पाहिलं. तिने खुर्ची पुढे ओढली, कॉम्प्युटरवर सिडनी पुसून पुणे लिहिलं आणि आकडे बघायला लागली, ओठ हलवत, अगदी मन लावून.

मी ईमेलला उत्तर लिहिलं. एकच ओळ. ‘हरकत आहे. सविस्तर बोलायला तुम्हाला फोन केला असता, पण लाइन सध्या बिझी आहे.’